एका बुटाचं अंतर

आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे गटात, नऊ कॉलेजं आहेत. त्यांतल्या आठांना दर ऑगस्टमध्ये वाटतं, की यंदा आपण प्लेऑफला जाणार. नववं सेंट ओडिलिया. त्यांना वाटावं लागत नाही, ते प्लेऑफला जायची बस ठरवून मोकळे होतात.

आमचं टॉर्वाल्ड कॉलेज त्या आठांतलं. प्लेऑफला आम्ही कधीच गेलेलो नाही. आमच्या केस्टर गावात ही गोष्ट कुणी दुःखानं सांगत नाही, हवामान सांगावं तशी सांगतात. मक्याची कापणी झाली, टॉर्वाल्ड बाहेर पडलं, आता गाडीला बर्फाचे टायर चढवायला हवेत.

म्हणून त्या सोमवारी अ‍ॅस्ट्रिडच्या कॅफेत जरा गोंधळ झाला. तिच्याकडे दारालगत एक फळा आहे. त्यावर वरती आजचं सूप आणि खाली कॉन्फरन्सचा तक्ता. सूपकडे त्या दिवशी कुणीच पाहत नव्हतं.

"नीट ऐका, मी दोनदा सांगणार नाही," अ‍ॅस्ट्रिड खडू झटकत म्हणाली. "आपले सामने संपले. सात जिंकले, एक हरलो. शेवटच्या शनिवारी आपल्याला सुट्टी. खेळायचे राहिले ओडिलिया आणि ब्रेमर. ओडिलिया अजून एकही हरलेलं नाही. ते जिंकले तर विषय संपला, गेले ते प्लेऑफला. पण ब्रेमर जिंकलं, तर ओडिलिया, ब्रेमर आणि आपण, तिघंही सात-एक."

"पण ब्रेमरला आपण हरवलंय," मी म्हणालो.

"आणि आपल्याला ओडिलियानं. म्हणून तर नियम एकोणीस लागतो, लॉइड. तू कॉलेजात नोकरी करतोस ना? वाचत जा जरा."

नियम एकोणीस असा: बरोबरी सुटत नसेल, तर ज्या कॉलेजाला प्लेऑफला जाऊन सगळ्यात जास्त वर्षं झाली, त्यानं जावं. हा नियम पाद्र्यांनी केला असणार. खेळाडूंनी केला असता तर तो इतका दयाळू झाला नसता. आणि इतकी वर्षं न जाण्यात आमचा हात कोण धरणार?

"म्हणजे शनिवारी आपण ब्रेमरच्या नावानं ओरडायचं?" कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं.

ब्रेमर बावीस मैलांवर आहे आणि त्यांच्याशी आमचं वैर एकशे सहा वर्षांचं. ते कशावरून सुरू झालं हे दोन्ही गावांत कुणालाच आठवत नाही, त्यामुळे ते मिटवायचीही सोय नाही.

"ओरडायलाच पाहिजे असं नाही," अ‍ॅस्ट्रिडनं तोडगा काढला. "टाळ्या वाजवल्या तरी चालतील. हातमोजे घालून."

या सगळ्यापासून एक माणूस अलिप्त होता. व्हर्लिन स्कोगस्टाड, माझा शेजारी. तो फळ्याकडे पाहत होता आणि त्याची कॉफी थंड होत होती.

व्हर्लिन आमच्या मैदानावर अडतीस वर्षं साखळी धरतोय. चेंडू चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे न्यायचा, नेला तर नवे चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांचा. हे दहा यार्ड म्हणजे दोन काठ्या आणि त्यांच्यामधली साखळी. मागची काठी व्हर्लिनची. तो ती रोवतो, पुढचा माणूस साखळी ताणून पुढची काठी रोवतो, तिसरा साखळीला खुणेचा चिमटा लावतो. निकाल अगदी काठावर आला, की पंच साखळी आत बोलावतात. बाकी वेळ कुणी या तिघांकडे पाहत नाही. त्यांच्या बायकासुद्धा नाहीत.

"अडतीस वर्षांत माझ्याकडे पाहिलं नसेल तेवढं त्यानं त्या काठीकडे पाहिलंय," त्याची बायको आर्डिस म्हणते. "आणि काठी काही स्वयंपाक करत नाही."

त्याच आर्डिसनं फ्रिजवर एक कागद लावला होता. डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी व्हर्लिनचे दोन्ही गुडघे बदलायचे होते. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, की यापुढे मैदानाच्या कडेला उभं राहणं, धावणं, वाकणं बंद. म्हणजे साखळी बंद. प्लेऑफच्या सामन्यात एकदा तरी साखळी धरायची, एवढी एकच हौस त्यानं बाळगली होती, आणि तीही कुणाला सांगितली नव्हती. सगळ्या गावाला माहीत होती. त्या वर्षी पहिल्या फेरीचा सामना आमच्या कॉन्फरन्सच्या विजेत्याच्याच मैदानावर होणार होता. म्हणजे ब्रेमर जिंकलं, की पुढच्या शनिवारी टॉर्वाल्डच्या मैदानावर प्लेऑफ, आणि मागच्या काठीला व्हर्लिन.

बुधवारी ब्रेमर कॉलेजातून फोन आला. हरणांच्या शिकारीचा हा शेवटचा शनिवार-रविवार. ब्रेमरच्या साखळीवाल्यांपैकी दोघांना अजून हरीण मिळालेलं नव्हतं, आणि ते दोघं शनिवारी झाडावर बसणार होते. फुटबॉल दर वर्षी येतं, हरीण येईलच असं नाही. तर व्हर्लिन येईल का? सोबत एक माणूस घेऊन?

"अहो, पण आमचाच त्यात स्वार्थ आहे," व्हर्लिन त्यांना म्हणाला.

"विचारलं आम्ही ओडिलियाला," तिकडून उत्तर आलं. "ते म्हणाले, व्हर्लिनवर आक्षेप घ्यायचा तर आधी फूटपट्टीवर घ्यावा लागेल."

अशा रीतीनं अख्ख्या राज्यात ज्याला ब्रेमर जिंकायला सगळ्यात जास्त हवं होतं, त्याच माणसाच्या हातात ब्रेमरचं मोजमाप गेलं. पुढची काठी त्यानं मला दिली. मी यापूर्वी सहा-सात वेळा ती धरली होती. काम सोपं आहे. साखळी सैल पडली तर ताणायची, ओढ बसली तर ओढीबरोबर सरकायचं, आणि तोंड बंद ठेवायचं. या तिसऱ्या गोष्टीत मी पहिल्यापासून तरबेज.

शनिवारी केस्टरहून एक्केचाळीस माणसं ब्रेमरला आली. आमच्या निळ्या टोप्या सगळ्यांनी घरी ठेवल्या होत्या, आणि ब्रेमरची हिरवी टोपी घालण्याइतकं कुणाचं मन मोठं नव्हतं. त्यामुळे ती सगळी तपकिरी कोट घालून एका रांगेत बसली होती, अंत्ययात्रेला लवकर पोचल्यासारखी. ब्रेमरनं चांगला खेळ केला, की ती टाळ्या वाजवत. शेजाऱ्याच्या मुलानं ट्युबा वाजवल्यावर वाजवाव्यात तशा.

ब्रेमरवाल्यांची तर आणखीच पंचाईत. जिंकून त्यांना स्वतःला काही मिळणार नव्हतं, नऊ वर्षांपूर्वी ते प्लेऑफला जाऊन आले होते. जिंकले तर फायदा आमचा. हरले तर ओडिलियाचा. एक बाई दर वेळी उठून ओरडायला तोंड उघडायची, आमच्या रांगेकडे बघायची आणि परत बसायची.

मैदानावरच्या पोरांना मात्र असलं काही सुचत नव्हतं. ती जीव तोडून खेळत होती. एक मिनिट राहिलं तेव्हा ओडिलिया चोवीस, ब्रेमर वीस, आणि चेंडू ब्रेमरकडे, ओडिलियाच्या गोलरेषेपासून अठरा यार्डांवर. नवे चार प्रयत्न. आम्ही साखळी घेऊन धावलो. म्हणजे मी धावलो. व्हर्लिन घाईघाईनं चालला.

त्यानं काठी रोवली. मी साखळी ताणून माझी रोवली. आणि तेवढ्यात माझ्या हाताला ओढ बसली. जेमतेम, कुत्र्यानं दोरी ओढावी तेवढी. मी ओढीबरोबर मागे सरकलो, काठी परत रोवली. मागे पाहिलं, तर व्हर्लिन काठीला दोन्ही हातांनी धरून एका पायावर उभा, चेहरा पांढरा. गुडघ्यानं दगा दिला होता. मग तो सरळ झाला. आमच्यातला तिसरा, ब्रेमरचे दंतवैद्य डॉक्टर वेसल, यांनी वाकून साखळीला चिमटा लावला. मी तोंड बंद ठेवलं.

पहिला प्रयत्न, तीन यार्ड. दुसरा, काहीच नाही. तिसरा, पाच. चौथ्याला ब्रेमरचा पोरगा चेंडू पोटाशी धरून गर्दीत घुसला आणि सगळा ढीग अगदी माझ्या काठीसमोर कोसळला. पंच पेल्कींनी एकेक पोरगा उचलून बाजूला केला, खाली पाहिलं आणि साखळी आत बोलावली. हे पेल्की आठवडाभर शाळेत रसायनशास्त्र शिकवतात आणि शनिवारी पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालतात. दोन्हीकडे त्यांचा चेहरा सारखाच असतो.

साखळी ताणली. चेंडूचं टोक काठीच्या पुढे होतं. दोन बोटं पुढे.

आमची एक्केचाळीस माणसं उठली. आता हातमोजे नव्हते. पेल्कींचा हात वर जायला लागला.

"जरा थांबा, पंचसाहेब," व्हर्लिन म्हणाला.

हात अर्ध्यावर थांबला. "काय झालं?"

"काठी सरकलीय. मी टेकलो होतो तिच्यावर. गुडघा जरा... टेकलो."

"कधी?"

"पहिल्या प्रयत्नाआधी. चिमटा लावायच्या आधी. आत्ता काठी उपटली तेव्हा दिसलं, कडेच्या पांढऱ्या रंगात दोन भोकं आहेत."

"किती सरकली?"

व्हर्लिननं आपल्या बुटाकडे पाहिलं. "एवढी. रुंदीनं. लांबीनं नाही."

पेल्कींनी अर्धा वर गेलेला हात खाली घेतला. "सव्वीस वर्षं झाली मला या कामात," ते म्हणाले. "साखळीवाल्यानं मला आजवर एकच गोष्ट आपणहून सांगितलीय, की त्याला लघवीला जायचंय."

मग आमची वरात कडेला गेली. पांढऱ्या रंगात खरोखरच दोन भोकं होती. डॉक्टर वेसल गुडघ्यांवर बसले, भोकांत बोट घालून पाहिलं आणि दाढ काढायची आहे हे सांगावं त्या आवाजात म्हणाले, "चार इंच. थोडं वरच."

दोन बोटं पुढे असलेला चेंडू दोन बोटं मागे गेला. चेंडू ओडिलियाचा.

ब्रेमरचे कोच टोपी आपटत आले. "तू आहेस तरी कुणाच्या बाजूचा, बाबा?"

"आज तुमच्याच," व्हर्लिन म्हणाला. "म्हणून तर सांगावं लागलं."

ओडिलियाच्या पोरांनी दोनदा चेंडू घेऊन गुडघा टेकला आणि वेळ संपवली. त्यांचे गुडघे चांगले होते. सामना संपल्यावर ब्रेमरवाल्यांनी व्हर्लिनला कॉफी आणून दिली. पाच मिनिटांनी दुसरीही आणून दिली. हरलेली माणसं इतकी ताजीतवानी मी पाहिलेली नाहीत.

परतीच्या वाटेवर गाडी मी चालवत होतो. दहा-बारा मैल गेले.

"मका चांगला झालाय यंदा," व्हर्लिन म्हणाला.

"हो."

आणखी दोन मैल गेले.

"तुला ओढ लागली होती ना, लॉइड?"

"लागली होती."

"मग बोलला नाहीस ते?"

"वाटलं, तू बोलशील."

"वाटलं की भीती वाटली?"

"दोन्ही," मी म्हणालो.

तो हसला. त्यानं रागावायला हवं होतं असं मला वाटत होतं, कारण मग मलाही थोडं रागावता आलं असतं.

गावानंही त्याच्यावर राग काढला नाही. म्हणजे आमच्या पद्धतीनं काढला. आमच्याकडे माणसावर रागावले की त्याच्याशी फार चांगलं वागतात. सोमवारी अ‍ॅस्ट्रिडनं त्याला न मागता दालचिनीचा रोल दिला, तोही मधला, मऊ. मंगळवारी कुणीतरी त्याच्या अंगणातली पानं गोळा करून गेलं. "तब्येत कशी आहे?" असं त्याला त्या दोन दिवसांत चौदा लोकांनी विचारलं आणि एकानंही फुटबॉलचं नाव काढलं नाही. फळ्यावरचा तक्ता पुसून तिथं आणखी एक सूप लिहिलं होतं.

"दुसरं सूप आहे का खरंच?" व्हर्लिननं विचारलं.

"नाही," अ‍ॅस्ट्रिड म्हणाली. "पण जागा रिकामी बरी दिसत नव्हती."

आर्डिस मात्र संतापली होती, अगदी उघड. "गुडघा दुखत होता तर मला का नाही सांगितलंस? पंचाला सांगितलंस!"

बुधवारी दुपारी मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो असताना फोन वाजला. व्हर्लिननं घेतला, आणि हळूहळू ताठ बसला. सेंट ओडिलियाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुख सिस्टर मेख्टिल्ड बोलत होत्या. वय सत्त्याहत्तर. त्यांच्या आवाजाला फोनची गरज नसते, आम्हाला बहुतेक सगळं ऐकू येत होतं.

"मिस्टर स्कोगस्टाड, शनिवारी आमच्याकडे प्लेऑफ आहे. मागच्या काठीला माणूस हवाय."

"तुमचा माणूस झाडावर बसलाय का, सिस्टर?"

"माझी माणसं झाडावर बसत नाहीत. तिघंही हजर आहेत. मला तुम्ही हवे आहात."

व्हर्लिननं आर्डिसकडे पाहिलं. "पण मी कॅथलिक नाही, लुथरन आहे."

"साखळी दहाच यार्डांची आहे. कॅथलिकांना वेगळी मिळत नाही, मी चौकशी केली आहे."

"माझे गुडघे..."

"तुम्हाला बसायला स्टूल ठेवू. काठीवर टेकायचं नाही, एवढंच."

आर्डिसनं फ्रिजवरचा कागद काढला, तारीख वाचली, परत लावला. "मंगळवारच्या आत शनिवार येतो," ती म्हणाली. त्यांच्या घरात याला परवानगी म्हणतात.

फोन ठेवल्यावर व्हर्लिन माझ्याकडे वळला. "तू येणार ना? पुढच्या काठीला?"

"मला कुठं बोलावलंय?"

"तू कॉफी ओतून घेत होतास तेव्हा विचारलं त्यांनी. म्हणाल्या, पुढच्या काठीला तोच माणूस का, ज्याला ओढ लागली आणि जो गप्प बसला? मी म्हटलं, तोच."

"तू सांगितलंस त्यांना?"

"घरी आल्यावर पंचांना फोन करून सांगितलं होतं, अहवालात लिहायला. त्यांच्याकडून पोचलं असेल."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, आणा त्याला. आमच्याकडे पापनिवेदनाची सोय आहे."

शनिवारी सेंट ओडिलियाच्या मैदानावर मुलांइतकेच उंच ध्वज होते, दोन प्रकारचं गरम चॉकलेट होतं, आणि व्हर्लिनसाठी खरोखरच स्टूल होतं. तो त्यावर एकदाही बसला नाही. केशरी जाकीट घालून, काठी खांद्याला लावून तो मैदानाकडे पाहत होता. केस्टरहून पुन्हा एक्केचाळीस माणसं आली होती. आम्ही कशाला आलो हे त्यांतल्या कुणालाच सांगता आलं नसतं, म्हणून सगळ्यांनी "मुलीकडे जायचंच होतं या बाजूला" असं सांगितलं. या वेळी निळ्या टोप्या घातल्या होत्या. अ‍ॅस्ट्रिड कॅफे बंद ठेवून आली होती, आणि कॅफे बंद ठेवून मुलीकडे जायला तिला मुलगी नाही.

सामना वाईट झाला. पाहुणे इलिनॉयहून आले होते आणि त्यांची पोरं आमच्या धान्याच्या कोठारांएवढी होती. तिसऱ्या भागाच्या शेवटी ओडिलिया एकतीस गुणांनी मागे. आमच्या दृष्टीनं त्याहून वाईट म्हणजे, कशाचंच मोजमाप लागत नव्हतं. चेंडू एक तर पंधरा यार्ड जायचा, नाही तर जायचाच नाही. व्हर्लिन काठी उपटत होता, रोवत होता, उपटत होता. साखळी आत जायची वेळच येत नव्हती. तीन मिनिटं राहिली तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं. तो काठीला नुसता हात लावून उभा होता, वजन अजिबात न टाकता. दोन्ही गुडघे थरथरत होते.

ओडिलियाच्या पोरानं चेंडू घेतला आणि आमच्या समोरून धावत जाऊन पडला. माझ्या काठीच्या चांगला दोन यार्ड पुढे. यात मोजण्यासारखं काही नव्हतं. पुढे आहे हे पार्किंगमधूनही दिसत होतं.

पंच तेच होते, पेल्की. त्यांनी चेंडूकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मग रसायनशास्त्राच्या चेहऱ्यानं त्यांनी दोन्ही हात वर केले आणि साखळी आत बोलावली.

"कशाला?" पाहुण्यांचे कोच ओरडले. "दोन यार्ड पुढे आहे तो!"

"मला खात्री करायचीय," पेल्की म्हणाले.

आम्ही निघालो. कडेपासून मैदानाच्या मध्यापर्यंत तीस पावलं असतील. व्हर्लिनला बराच वेळ लागला आणि कुणी त्याला घाई केली नाही. अर्ध्या वाटेवर आलो तेव्हा मला गलका ऐकू आला. आमची रांग उभी राहिली होती, हातमोज्यांशिवाय. ओडिलियावाल्यांना काय चाललंय ते कळलं नाही, पण एवढे लोक उभे आहेत म्हणजे काहीतरी असेल असं समजून तेही उठले. सिस्टर मेख्टिल्ड आधीपासूनच उभ्या होत्या.

व्हर्लिननं काठी टेकवली. मी साखळी ताणली. पेल्की खाली वाकले, एक डोळा मिटला आणि दोन यार्डांचं ते अंतर इतक्या बारकाईनं पाहिलं, की सुईत दोरा ओवताहेत असं वाटावं. मग वर न पाहता हळूच म्हणाले, "काही सांगायचंय?"

व्हर्लिननं मागे वळून कडेच्या पांढऱ्या रंगाकडे पाहिलं. एकच भोक.

"नाही, पंचसाहेब," तो म्हणाला. "आज टेकलो नाही."

पेल्कींचा हात वर गेला, या वेळी पूर्ण. ओडिलिया पुढे एकतीस गुणांनीच हरलं, पण ते आमच्या गावात कुणाच्या लक्षात नाही. सोमवारी फळ्यावर एकच सूप होतं आणि त्याखाली खडूनं एक आडवी रेघ ओढून दोन्ही टोकांना दोन उभ्या रेघा काढल्या होत्या.

"हे काय आहे?" दूध टाकायला आलेल्या नव्या माणसानं विचारलं.

"दहा यार्ड," अ‍ॅस्ट्रिड म्हणाली. "पुसू नकोस. आणि टेकूही नकोस त्याच्यावर."